न रडलेलं पोर

"मूळ महाकाव्यात मूल रडतं," कॅप्टन म्हणाला. "तुमच्या कवितेत हसतंय. का बरं?"

दोम्नाच्या मांडीवर दीड वर्षांचा आर्जिरिस तिळाच्या पावाचं कडं चघळत बसला होता. तिने त्याला जरा जास्तच घट्ट धरलं. अथेन्समधल्या लष्करी राजवटीच्या या कचेरीचा शिक्का बसल्याशिवाय कवितेची एक ओळही छापता येत नव्हती. आणि इथे चौकशीला बसलेली काही माणसं घरी न परतता थेट बेटांवरच्या छावण्यांत पोचतात, हे सगळ्या शहराला ठाऊक होतं. तिचा नवरा तसाच गेला होता. आता ती गेली तर या पोराला कोण घेणार?

"प्राचीनांच्या आड राहून लिही," प्रकाशक म्हणाला होता. "ट्रॉय म्हटलं की हे लोक उभे राहून सलाम ठोकतात." त्या शहाण्याला काय माहीत, की गणवेश चढवण्याआधी तपासणारा माणूस वीस वर्षं शाळेत तेच महाकाव्य शिकवत होता!

कॅप्टनने पेन्सिलीने टेबलावर ठेका धरला आणि डोळे मिटून मूळ ओळी घडाघडा म्हटल्या. लढाईवर निघालेला ट्रॉयचा सेनापती आपल्या बाळाला घ्यायला हात पुढे करतो. शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा पाहून बाळ किंचाळतं, दाईच्या कुशीत तोंड लपवतं. बाप हसतो, शिरस्त्राण उतरवून जमिनीवर ठेवतो.

त्याने डोळे उघडले. "तुमचा सेनापती ते उतरवतच नाही."

"नाही, साहेब."

दोम्नाने पोराच्या हातातून निसटणारं कडं सावरलं.

"बरोबरच आहे म्हणा. पोर भ्यालंच नाही, तर उतरवेल कशाला?" कॅप्टन एकदम खुलला. "वा, बाई! शिपायाचं पोर असंच हवं. इतक्या शतकांत कुणाला सुचलं नाही हे. मी तर म्हणतो, शाळेच्या पुस्तकात घाला!"

"तुमची कृपा," ती कशीबशी म्हणाली.

त्याने शिक्का शाईत दाबला. तिचे हात सैलावले. तेवढ्यात आर्जिरिस मांडीवरून घसरला, टेबलाला वळसा घालून डुलत डुलत पलीकडे गेला आणि चिकट बोटांनी कॅप्टनच्या कमरेच्या पट्ट्याला लोंबकळला.

"अरे, अरे, गड्या!" कॅप्टन हसत सुटला. "माझी स्वतःची नातवंडं या वेषात मला पाहून पळतात हो. हा कसा भीत नाही?"

"सवय झालीय त्याला," दोम्ना म्हणाली. कुठलीही आई पोराबद्दल बोलते, तशी बोलून गेली. "दर आठवड्याला शिपाई झडतीला येतात ना घरी."

शिक्का कागदाच्या वर वीतभर अंतरावर थांबला.

कॅप्टनने खाली पाहिलं. पोर त्याच्याकडे बघून हसत होतं, पुढचे चारही दात दाखवून. त्याने शिक्का हळूच बाजूला ठेवला, कागद जवळ ओढला. पहिल्या ओळीखाली बोट टेकवलं आणि वर्गात मास्तर वाचतात तसा, एकेक शब्द सुटा करत, कविता पुन्हा वाचू लागला.