रिकामं करून दाखव

पिस्तुलाच्या स्पर्धांमध्ये माझा नवरा रॉयस पंच असायचा आणि नेमबाज म्हणून अकरा वर्षं ‘बी’ वर्गातच कुजत होता. त्या दुपारी टपालाने माझं त्याच्या वरच्या ‘ए’ वर्गाचं कार्ड आलं. त्याने ते फाडलं आणि माझं तोंड फ्रिजवर आपटलं. “मीच शिकवलं ना तुला, सटवे?” दात थुंकून मी कमरेचं भरलेलं पिस्तूल त्याच्यावर रोखलं. स्पर्धेत नेमबाजाची फेरी संपली की तो ओरडायचा तसाच ओरडला, “संपलं असेल तर रिकामं करून दाखव!” हजारदा ऐकलेला हुकूम माझ्या मेल्या हातांनी मुकाट पाळला, गोळ्यांचं मॅगझिन फरशीवर आदळलं. तो खदखदून हसला. मग पंचाच्या सवयीने पिस्तूल खरंच रिकामं आहे का, ते बघायला वाकला. किलोभर पोलाद मी त्याच्या कानशिलात हाणलं, हाड पिचलं. एरवी तपासून झाल्यावर तो म्हणायचा, ते मीच म्हटलं: “मैदान मोकळं.”