नऊचा आकडा

तितिकाका सरोवराचं पाणी मैलभर मागे हटलं, तेव्हापासून नौदलाची जुनी गस्तीची बोट काठावर लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. तिचं संग्रहालय करायचा बेत बारगळला. आज ती कापायला माणसं यायची होती, म्हणून संग्रहालयासाठी ती रंगवायला आलेली एउलालिया आपले रंगाचे डबे गोळा करत होती.

म्हातारा खलाशी सातुर्निनो मात्र रोजच्यासारखा बोटीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, रंगवलेले पाण्याच्या पातळीचे आकडे वाचायला उभा राहिला.

"आजोबा, आज तरी पुरे करा! पाणी आहे कुठे?"

"नऊ फूट झालं की ही तरंगते, पोरी. काल साडेआठ होतं."

"तुमचं आपलं काहीतरीच!"

म्हाताऱ्याने टोपी काढून छातीशी घट्ट धरली आणि खणखणीत आवाजात पुकारलं, "नऊ!"

वारा अजिबात नव्हता. तरी एउलालियाच्या दोन्ही वेण्या पाठीवरून अलगद उचलल्या गेल्या. तिची हॅट डोक्यावरून सुटली, सावकाश वर गेली आणि नऊच्या आकड्यापाशी थांबून हेलकावे घेऊ लागली.

एउलालियाला श्वास घेता येत होता. घाबरायचं तिला सुचलंच नाही. तिने नकळत हात जोडले.

तिच्या डोळ्यांदेखत बोट ठोकळ्यांवरून उठली.