बायकोच्या गोळ्या

"बायकोसाठी हव्यात," उस्ताद रिफअत म्हणाले आणि गोळीचं नाव लिहिलेला कागद त्यांनी डाव्या हाताने काउंटरवर सरकवला. उजवा हात कोटाच्या खिशातच होता. "तिला उगाच धडधडतं."

बावीस वर्षं ते हेच वाक्य बोलत आले होते, फक्त दुकानं बदलून. एका दुकानात लागोपाठ दोनदा जायचं नाही, असा नेम. अख्खी अलेक्झांड्रिया ऊद या तंतुवाद्यावरचा त्यांचा हात डोळे मिटून ओळखायची. औषधवाल्यांनी ओळखून चालणार नव्हतं. आज पाळी शातबीच्या ट्रॅमथांब्यासमोरच्या दुकानाची होती. संध्याकाळी आठला कार्यक्रम होता.

काउंटरपलीकडच्या बाईने कागद वाचला, मग चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"रावियामावशींना जाऊन तीन वर्षं झाली ना, उस्ताद? पेपरात वाचलं होतं मी."

उस्तादांनी मान वर केली. डोक्याला रुमाल, अंगाने जरा भरलेली, पण रिहामच. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या वर्गातली सगळ्यात गुणी मुलगी. परीक्षेच्या दिवशी वाजवताना तिचा हात थरथरला आणि उस्तादांनी चौदा मुलांसमोर तिच्या बोटांतून तारा छेडायची नखी काढून घेतली. शिंगाची ती नखी पहिल्या दिवशी उस्तादच घासून शागिर्दाच्या हातात देतात. त्यांनी ती परत घेतली की त्याचा वर्ग कायमचा संपला. "हात थरथरणाऱ्याने ऊद भिंतीला टांगावा," असंही ते वर म्हणाले होते. पोरं हसली होती.

आता त्यांचे कान तापले. मेलेल्या बायकोच्या नावावर खोटं बोलल्याची शरम होतीच, पण ती त्यातल्या त्यात लहान होती.

रिहामने खणातून गोळ्यांची पट्टी काढली. "दम्याचा त्रास नाही ना तुम्हाला?"

"नाही."

"कधीपासून घेता?"

गेल्या वर्षापासून, असं अगदी जिभेवर आलं होतं. "बावीस वर्षं झाली," ते म्हणाले.

कात्रीने पट्टी कापता कापता ती थांबली. "म्हणजे मी होते तेव्हाही?"

"हो."

"त्या दिवशी?"

खोकल्याच्या औषधासाठी मागे थांबलेली म्हातारी आता कान टवकारून ऐकत होती. उस्तादांना वाटलं, गोळ्या नकोत, कार्यक्रम नको, सरळ बाहेर पडून ट्रॅममध्ये बसावं.

"त्या दिवशी दोन घेतल्या होत्या," ते म्हणाले. "परीक्षा तुमची होती, पण वाजवून मलाही दाखवायचं होतं."

रिहामने पट्टी पूर्ण कापली, कागदी पाकिटात घातली, वर वेळ लिहिली. अक्षर पूर्वीसारखंच ठसठशीत होतं. "सातला, काहीतरी खाऊन. एकच घ्या. दोन घेतल्या तर बोटं जड होतील."

"रिहाम, मी तुला तेव्हा..."

"पाकीट घ्या उस्ताद. मागे माणसं आहेत."

पाकीट तिने काउंटरच्या उजव्या टोकाला धरलं होतं. उस्तादांनी खिशातून उजवा हात काढला. बावीस वर्षांत गोळीशिवाय तो कुणाला दाखवला नव्हता. घेताना पाकीट काउंटरच्या काचेवर टकटक वाजू लागलं. त्यांनी ते तसंच वाजू दिलं.

रिहामने त्या हाताकडे पाहिलं.

"माझा एवढा नव्हता हो थरथरत," ती म्हणाली.