घरच्या माणसाचा संदर्भ

रंजिताच्या प्रबंधातली चार पानं मार्गदर्शक सरांच्या नव्या लेखाशी जुळतात, असा अहवाल कॉलेजच्या सॉफ्टवेअरने दिला. "माझा लेख वापरलास, मग संदर्भ द्यायला काय झालं होतं?" सरांनी विचारलं. तिने तो लेख पाहिलासुद्धा नव्हता. घरी येऊन तिने थेट त्याची संदर्भसूची उघडली. 'भोईर, सरस्वती. प्रत्यक्ष मुलाखत, करावे गाव, १२ मार्च.' आडनाव आधी, स्वल्पविराम जागच्या जागी. तिच्या मसुद्यातली हीच नोंद सरांनी लाल पेनने खोडली होती, 'घरच्या माणसाचा संदर्भ चालत नाही' म्हणून. ओटीवर जाळं शिवणाऱ्या सरस्वतीआत्याला तिने विचारलं, "आमचे सर कधी भेटायला आले होते का तुला?" "कोन सर? तू सोरून मना कोनी काय इचारला नाय." रंजिताने मोबाइलमधलं बारा मार्चचं रेकॉर्डिंग लावलं. अख्ख्या तासात दोनच आवाज होते, दोन्ही बायकांचे.