अडवलेली दुपार

मालविकाने राउटर बंद करून पुन्हा चालू केला, पासवर्डही नव्याने घातला. दोघांच्या आठवणी आपापल्या संगणकात साठत आणि परवानगी असली की दुसऱ्याला त्या डोळे मिटून पाहता येत. नवऱ्याच्या, शिरीषच्या संगणकातल्या बाकी सगळ्या आठवणी तिला उघडता येत होत्या. फक्त हॉस्पिटलमधली ती शेवटची दुपार उघडत नव्हती. लेक गेली तेव्हा मालविका कामाच्या दौऱ्यावर होती आणि लेकीजवळ एकटा शिरीष होता.

"नेटवर्कचा घोळ असेल," शिरीष म्हणाला.

"घोळ नाही. तू परवानगी काढून घेतलीयस. माझ्या मुलीचं शेवटचं बोलणं अडवणारा तू कोण? उघड आधी!"

त्याने मान खाली घालून परवानगी दिली. मालविकाने डोळे मिटले आणि त्याच्या डोळ्यांनी तिला लेक दिसली. "बाबा, आईशी बोलू दे ना," ती म्हणत होती. शिरीषच्या हातात फोन वाजत होता. पडद्यावर मालविकाचं नाव होतं. त्याने तो बंद करून खिशात टाकला.

"मला म्हणालास, रेंज नव्हती!"

"तू गेलीस म्हणून राग आला होता गं. ती जाईल असं वाटलं नव्हतं."

लेक पोटात असतानाच्या, मालविकाच्या संगणकातल्या आठवणी तो रोज रात्री उघडून बसायचा. तिने आपल्या त्या संगणकाची वायर उपटली आणि तो उचलून घराबाहेर पडली.