डावा बोळा

"कानात बोळे घालून बसलीयेस काय?" सासू आतल्या खोलीतून ओरडली.

"हो," सून म्हणाली आणि हसली, कारण आज ते अक्षरशः खरं होतं.

बोळे नवऱ्यानं आणून दिले होते. बिनवायरचे, पांढरे, डबीत ठेवून चार्ज करायचे. स्वस्तातले. ट्रकवर जाता जाता तो म्हणाला होता, "नीट पारखून घे बाई. आणि दुकानदार म्हणाला, बोलणं डाव्यातून जातं. उजवा नुसता ऐकतो."

"म्हणजे तुमच्यासारखा."

"मग टिकेल तो," म्हणाला आणि गेला.

पारखणं भागच होतं. सासूचा खुबा मोडला तेव्हापासून सुनेची नोकरी सुटली होती आणि एकट्या ट्रकवर घराची ओढाताण चालली होती. आता एका कंपनीत घरबसल्या काम मिळण्यासारखं होतं. फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि गोड बोलायचं. त्याआधी आवाजाची परीक्षा: कानात आधीच भरून ठेवलेले प्रश्न ओळीनं येणार, आपण उत्तरं द्यायची, सगळं तिकडे रेकॉर्ड होणार. दोनदा ती नापास झाली होती. पहिल्या खेपेला मागून आलं, "अगं ए, पाणी!" दुसऱ्या खेपेला, "मेली का काय ही?"

कंपनीच्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, आता शेवटची संधी. पुन्हा दुसऱ्या कुणाचा आवाज आला तर विषय संपला.

म्हणून सून दिवसभर बोळे घालून वावरली. नवऱ्याला फोन लावून भांडी घासली.

"नळाचा आवाज येतोय का हो?"

"नाही."

"आणि ही कढई आपटली ती?"

"नाही. तुझी कटकट तेवढी अगदी स्वच्छ येतेय."

फोन घरात ठेवून ती फाटकापर्यंत चालत गेली. आवाज तुटला नाही. कान जरा दुखले, डबीचं झाकण सैल निघालं. त्या भावात काय सोन्याचे मिळणार होते?

सासू हा सगळा तमाशा पडल्या पडल्या बघत होती. "बघू तरी काय ते," ती शेवटी म्हणाली.

सुनेनं तिच्या कानात एक घातला आणि गाणं लावलं.

"काही नाही येत. फसवलं तुमाला."

"आई, उजवा कान गेलाय ना तुमचा? थांबा, दुसरा डावीकडे घालते."

सासूचे डोळे मोठे झाले. "अगं बाई! डोक्यातच बसून गातेय की ही!" गाणं संपेपर्यंत म्हातारी हूं की चूं न करता पडून राहिली. सुनेनं ते बरोब्बर हेरलं.

परीक्षेच्या दिवशी तिनं सासूची उशी सारखी केली, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला.

"आई, मी दार उघडेपर्यंत हाक मारायची नाही. घराला आग लागली तरी."

"आणि मी मेले तर?"

"मग तर मुळीच नाही."

सासू खुदकन हसली. "बरं. पण एक बोळा मला दे. काय विचारतात ते मीही ऐकते. तेवढाच वेळ जाईल."

सौदा वाईट नव्हता. एक बोळा सासूच्या चांगल्या कानात घातला, दुसरा स्वतःच्या. दार लावून घेतलं.

कानातली बाई प्रश्न विचारत गेली. गिऱ्हाईक शिव्या देतंय, काय कराल? गिऱ्हाईक रडतंय, काय कराल? सुनेनं अशी काही उत्तरं दिली की तिची तीच खूश झाली. आतून चकार शब्द आला नाही.

"आई, झालं!" दार ढकलत ती ओरडली. "शहाण्यासारख्या राहिलात हो!"

सासू भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोळा लागला असेल म्हणून सुनेनं पांघरूण ओढलं आणि चहा टाकला. चहा घेऊन आली, हात धरून हलवलं, तेव्हा कळलं.

नवरा ट्रक वाटेत सोडून आला. सगळं उरकलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. लगेच कुणी धावलं असतं तर सांगता येत नाही, वाचल्याही असत्या.

"हाक नाही मारली तिनं?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही ऐकू आली."

शेजारीण पायरीवर कुणाला तरी सांगत होती, "सून कानात बोळे घालून बसली होती म्हणे." सुनेनं ते ऐकलं. खोटं काय होतं त्यात? बोळा घट्ट बसला होता, दार बंद होतं. म्हातारीनं जीव खाऊन हाका मारल्या असतील. रडू आलं की सून मोरीत जाऊन रडायची.

मग कंपनीच्या बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज विचित्र होता.

"तुम्हाला घेता येणार नाही हो. रेकॉर्डिंगमध्ये तुमचा आवाजच नाही. दुसऱ्याच कुणा बाईंचा आहे. पाठवते मी, तुम्ही ऐका."

सुनेनं नवऱ्याला सांगितलं. तो डबीकडे बघत राहिला.

"डावा कुणाच्या कानात होता?"

"आईंच्या." म्हणजे हाका मारल्याच होत्या, आणि त्या सगळ्या तिकडे जाऊन पडल्या होत्या. "मला नाही ऐकवणार," ती म्हणाली. नवऱ्यानंच फोनवर ते लावलं.

आधी नुसता श्वास. मग सासूचा आवाज, अगदी हळू, तोंडावर पदर धरल्यासारखा.

"आई गं… छातीत कळ आली… नको, नको, तिची परीक्षा आहे… शेवटचा प्रश्न म्हणाली ती बाई. एवढा होऊ दे तिचा, मग मारते हाक."