पाकटाचा पहिला घास

"आये, हात जपून! शेपटीला काटा आहे त्याच्या!" भालचंद्र ओरडला.

"मला शिकवतोस?" म्हणत चांगुणाबाईंनी सोललेली कोळंबी घेऊन कोपरापर्यंत हात काचेच्या टाकीत घातला. जन्मभर त्यांनी मासळी बाजारात पाकटं कापून विकली होती. आता पोराने गोड्या पाण्यातलं पाकट घरात आणून पाळलं होतं, आणि हा त्यांच्या मते शुद्ध वेडेपणा होता. पण आठवडा झाला, ते ताटाएवढं चपटं जनावर अन्नाला शिवत नव्हतं. भालचंद्रने टोचणारे खडे काढून मऊ वाळू पसरली, रोज थोडं थोडं पाणी बदललं, तरी काही फरक नाही. घरात कुणी उपाशी राहिलेलं मात्र चांगुणाबाईंना खपत नसे.

वाळू हलली. दोन डोळे वर आले. झालरीसारखी कड लहरवत पाकट आलं, अलगद तळहातावर चढलं आणि कोळंबी गट्ट!

"खाल्लं रे! भाल्या, खाल्लं! गुदगुल्या करतंय मेलं! आण, अजून आण!" त्यांचा पदर टाकीत भिजत होता, पण भान कुणाला? भालचंद्र तर चक्क नाचायला लागला.

तेवढ्यात शेजारची द्रौपदी झाकलेलं भांडं घेऊन दारात आली. "काकू, मोठं पाकट गावलं आज. तुमच्या आवडीचं, म्हणून कालवणाला वाटा आणला."

चांगुणाबाई गर्रकन वळल्या, टाकीसमोर आडव्या उभ्या राहिल्या आणि कुजबुजल्या, "हळू बोल गो बाय! आमच्या घरात पाकट खात नाय."